कोयनानगर ते मिरज, मांडीवर काचेची हंडी

वन्संनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं होतं.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, शोभाताई. माहेर-सासर दोन्ही सातारा भागातलं, पण आता पुण्यात जुन्या बाजारात पितळी भांडी, अडकित्ते, जुनी कुलपं विकतात. दुकान नाही, फुटपाथ. टीव्हीवर एक स्पर्धा येणार होती. दोघांची एक जोडी, हातात वीस हजार रुपये, आणि दोन दिवसांत सातारा-सांगली भागात जुन्या वस्तू विकत घेऊन त्याच भागात विकून दाखवायच्या. ज्याचा नफा जास्त, त्याला बक्षीस. त्या बक्षिसात एका छोट्या गाळ्याचं डिपॉझिट सुटत होतं.

"मला भाव कळतो, तुला गाडी चालवता येती," वन्सं म्हणाल्या. "आनि रजा हाय तुजी शिल्लक. मला म्हाईत हाय."

नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती.

शिरवळला हायवेवरच्या एका हॉटेलात आमच्या कॉलरला माइक लावले. दिग्दर्शक सुजय, तिशीतला, सतत फोनवर. त्याचा एक कॅमेरावाला आमच्या गाडीत मागच्या सीटवर बसणार आणि सुजयची गाडी मागून येणार, असं ठरलं. दुसरी जोडी म्हणजे दोन मित्र, दोघंही हसतमुख आणि भलतेच तयारीचे. त्यांच्या गाडीत भिंग, वजनकाटा, मऊ फडकी, सगळं होतं. आमच्याकडे वन्संची एक गोधडी होती, तीही त्यांना पाठ टेकायला लागते म्हणून. (तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर शिरवळला मिसळ खाऊनच खंबाटकी चढा. पुढे साताऱ्यापर्यंत धड काही मिळत नाही.)

पहिला दिवस साताऱ्यात गेला. मोडीच्या दुकानांतून वन्संनी दोन समया, एक मोठं घंगाळ आणि नक्षीचा पानडबा उचलला. घासाघीस करताना त्या दुकानदाराकडे बघतच नाहीत, वस्तूकडेही नाही, रस्त्याकडे बघतात. पैसे निम्मे संपले, पण वस्तू अशा की नफा झालाच तर दोन-तीन हजार. संध्याकाळी लॉजवर सुजयनं मुद्दाम कॅमेरा चालू ठेवून सांगितलं, "त्या दोघांना वाईत ग्रामोफोन मिळाला. चालू स्थितीतला." वन्संचा चेहरा पडला. त्यांनी पेढ्याचा पुडा उघडला होता, तो तसाच बांधून ठेवला.

(पोवई नाक्याच्या आसपास हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळते. गरम पाणी सकाळीच विचारून घ्या.)

दुसऱ्या दिवशी उंब्रजला हायवे सोडून पाटणकडे वळलो. कोयनानगरच्या वसाहतीत जुनं सामान मिळतं, असं वन्संना कुणीतरी सांगितलं होतं. पाटणच्या पुढे रस्ता नदीच्या कडेनं वळत जातो. सुंदर आहे, पण मी काही पाहिलं नाही. माझी नजर वळणांवर आणि वन्संची घड्याळावर. कोयनानगरला चहाच्या टपरीवर वन्संनी चौकशी केली, तेव्हा टपरीवाल्यानं एका घराकडे बोट दाखवलं. "सुलोचनाकाकूंच्या हितं हाय एक. इकतील का न्हाई म्हाईत न्हाई."

सुलोचनाकाकू साठी ओलांडलेल्या. (नाव बदललं आहे. का, ते पुढे सांगते.) दारात आम्हाला, कॅमेऱ्याला, परत आम्हाला बघून म्हणाल्या, "या."

माजघरात तुळईला साखळीनं टांगलेली काचेची हंडी होती. आत दिवा ठेवायची, तांबड्या काचेची, काठाला पांढरी नक्षी. तिच्या बरोबर खाली जेवायचे पाट मांडलेले. वन्संनी माझा दंड इतका घट्ट धरला की मला कळलं, हीच ती.

"सासऱ्यांनी गाव धरणात जाताना आनली," काकू सांगू लागल्या. "एवडीच वस्तू आली. बाकी समदं..."

तेवढ्यात मांडणीतली वाटी वाजली. मला वाटलं बाहेरून ट्रक गेला. मग जमीनच हलली, पायाखालून, आणि हंडी एकदम झोका घेऊन तिरकी झाली. काकूंनी माझं मनगट पकडलं आणि ओढत अंगणात आणलं. वन्सं पाठोपाठ. कॅमेरावाला आतच, उंबऱ्यापाशी थिजलेला.

थांबलंही लगेच. शेजारची माणसं दारात आली, एकमेकांकडे बघून आत गेली.

"लय नव्हता," काकू म्हणाल्या. "हितं असलं व्हतंच." पण माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

आत आलो तर हंडी अजून हलत होती आणि साखळी किरकिरत होती. काकू तिच्याकडे बघत म्हणाल्या, "घिऊन जावा. नऊ हजार द्या."

वन्सं घासाघीस करतील असं मला वाटलं. त्यांनी मुकाट पैसे मोजले. मी विचारलं, "काका घरी नाहीत का? त्यांना विचारायला नको?"

"पाटणला गेल्यात. सासूनं माज्या हातात दिलीया ती. माजी हाय." मग आमचा फोन नंबर मागून घेतला, टीव्हीवर कधी लागणार ते कळायला.

हंडी गोधडीत गुंडाळून वन्संच्या मांडीवर, आणि मी स्टिअरिंगवर. तो प्रवास मी विसरणार नाही. पाटणपर्यंत प्रत्येक वळणावर वन्सं श्वास रोखायच्या आणि मला तो रोखलेला ऐकू यायचा. कराडला जेवायलाही थांबलो नाही. पेठनाक्यावरून सांगलीकडे वळलात की रस्त्याचं काम चालू आहे. एका गतिरोधकाला रंगच नव्हता. गाडी उडाली. वन्संनी हंडी छातीशी धरली आणि डोळे मिटले. काच वाजली नाही. मी गाडी कडेला घेऊन दोन मिनिटं नुसती बसले.

तिथंच फोन आला.

"मी त्या हंडीचा मालक बोलतोय. माजी बायको येडी हाय. हंडी माज्या आईबापाची हाय. माघारी आना." आवाज चढत गेला आणि मधेच चिरकला. "आवं, गावातलं तेवडंच ऱ्हायलंय हो."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. मागून कॅमेरावाला रेकॉर्ड करत होता. सुजय त्याच्या गाडीतून धावत आला. "छान आहे, पण लक्षात घ्या, नियमाप्रमाणे व्यवहार पूर्ण झालाय. परत गेलात तर वेळ संपेल, तुम्ही बाद."

"इकत घेतलीया. चोरली न्हाई," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, तो माणूस रडायच्या बेतात होता."

"आनि त्या बाईनं स्वताच्या हातानं दिली त्ये? तुला पगार हाय, वैशाली. मला त्यो गाळा पायजे."

 मी गोधडीची सुटलेली घडी हंडीभोवती परत खोचली. मग वन्संनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः लावला. "दादा, संध्याकाळी मिरजेत सतारमेकर गल्लीत या. बाईंना संगट घिऊन या. तवर मी इकत न्हाई. न्हाई आलासा तर मात्र इकणार."

सांगलीत गणपती पेठेत समया, घंगाळ, पानडबा विकला. नफा मनासारखा झाला नाही. पण दुकानदारानं गोधडीतून डोकावणारी तांबडी काच पाहिली आणि लगेच म्हणाला, "सव्वीस देतो. आत्ता, रोख."

सुजयनं कॅमेरा वन्संच्या तोंडावर नेला. वन्सं रस्त्याकडे बघत होत्या.

"थांबून बघा की," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी?"

"संध्याकाळी मी बेळगावला. आत्ता न्हाईतर न्हाई."

वन्संनी हंडी उचलली आणि गाडीत येऊन बसल्या.  भडंगाची पुडी मी घेतली होती, ती मिरजेपर्यंत कुणी उघडली नाही.

मिरजेत तंबोरे बनवणारे बशीरचाचा वन्संच्या जुन्या ओळखीचे, त्यांनी आम्हाला दुकानात बसू दिलं. चाचांना हंडी आवडली होती, एकोणीस हजार द्यायला तयार होते, दुकानात ग्राहक बसतात तिथं टांगायला. आम्ही वाट बघत होतो. भिंतीला भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, आणि सुजय दर थोड्या वेळानं घड्याळ दाखवतोय. सूर्य गल्लीतून उतरत चालला तशी वन्संची बोटं पदर पिळू लागली.

शेवटी एक जीप येऊन थांबली. आधी काका उतरले, उंच, पांढरी टोपी, आणि पाठोपाठ काकू. काकांनी नऊ हजार काढून वन्संपुढे धरले. "घ्या तुमचं. द्या आमची."

वन्संनी पैसे घेतले नाहीत. काकूंकडे वळल्या. "तुमी सांगा."

 काकू नवऱ्याकडे बघून बोलल्या. "भुई हलली की तुमी आदी वर बगता. हंडीकडं. मी कुटं हाय, पोरं कुटं हायती, त्ये मागनं. आवं, जलम गेला माजा, दर बारीला तुमी वरच बगताय. मला न्हाई ऱ्हायचं तिच्याखाली."

काकांनी पुढे केलेले पैसे खाली घेतले. "आईनं तुला दिली व्हती."

"व्हय. म्हनूनच इकली."

कॅमेरा चालू होता. काका दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. वन्संनी अजून थोडं थांबायला हवं होतं की नाही, मला ठाऊक नाही. वेळ संपत आली होती. त्यांनी हंडी चाचांच्या हातात दिली.

चाचा स्टुलावर चढून हंडी कडीला अडकवू लागले. काका मान वळवून बघत होते. "तसं न्हाई," ते एकदम म्हणाले. "साखळी उलटी हाय. वजन एकीकडं जातंय." उठले, चपला काढल्या. चाचा मुकाट खाली उतरले.

स्टूल डुगडुगत होतं. काकू पुढे झाल्या आणि दोन्ही हातांनी ते धरलं.

काका चढण्याआधी वर बघत होते. मग त्यांनी खाली बघितलं. "धरलंस का?"

"धरलंय. चढा."

हंडी सरळ लागली. चाचांनी सगळ्यांना चहा मागवला.

आम्ही हरलो. ग्रामोफोन भारी पडला. सांगलीतले सव्वीस घेतले असते तर आम्ही पुढे होतो. कार्यक्रमाच्या भागात काका-काकू दिसलेच नाहीत, कारण काकांनी संमतीच्या कागदावर सही केली नाही. टीव्हीवर भूकंप दिसला, संगीतासकट, आणि मग थेट मिरजेत दोन बायका हंडी विकताना. म्हणून मी हे लिहायला बसले. काकूंना फोन करून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "लिवा. नावं बदला. आनि ह्यांना लय वाईट दाखवू नका."

कोयनानगरला जायचं असेल तर कराडहून एसटी आहेत. मिरजेत सतारमेकर गल्लीत जरूर जा, घाईत नको.

भाग संपल्यावर मी वन्संना विचारलंच, थांबल्याचं वाईट वाटतं का. मला वाटलं होतं, नाही म्हणतील.

"वाटतंय," त्या म्हणाल्या. "रोज वाटतंय. पन न थांबता इकली असती तर ह्याच्यापरीस जास्त वाटलं असतं का कमी, त्ये काय कळंना बग."

मलाही अजून कळलेलं नाही.