भिंतीवरची पाचवी ओळ

शिट्टी वाजली, सामना संपला आणि पेंटरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं ते बाहीनं पुसलं आणि कोणी बघितलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. शेजारी बसलेला कात्रीही बाहीनं डोळे पुसत इकडेतिकडेच बघत होता. कात्री म्हणजे सलूनवाला. केस कापता कापता समोरच्याचं बोलणंही मधेच कापायचा, म्हणून त्याचं नाव कात्री पडलं होतं.

"धूळ फार आहे मैदानात," कात्री म्हणाला.

"फार," पेंटर म्हणाला.

मैदानात हिरवंगार गवत होतं. धूळ औषधालाही नव्हती.

गावचा फुटबॉल संघ जिंकला होता. खाली खेळाडू चषक डोक्यावर घेऊन पळत होते. वर बाकांवरच्या मंडळींची मात्र अशी गत झाली होती की टाळी वाजवावी तरी पंचाईत आणि न वाजवावी तरी पंचाईत. चषक होता दुसऱ्या फळीचा. तीन वर्षांपूर्वी संघ वरच्या फळीतून खाली घसरला होता. आता खालच्या फळीत पहिला येऊन तो परत वर निघाला होता. वरच्या वर्गातून खाली बसवलेलं पोर खालच्या वर्गात पहिलं आलं, तर आईनं शेजारणीला सांगावं की गप्प बसावं? तसंच झालं होतं सगळ्यांचं. आनंद पोटात मावत नव्हता, पण ओठांवर आणायला लाज वाटत होती.

पेंटर घरी आला तेव्हा बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"जिंकलो," तो म्हणाला.

"बरं झालं. कितवे आलो?"

"पहिले."

"मग तोंड का असं?"

"पहिले, पण दुसऱ्या फळीत."

"म्हणजे दुसरे."

"दुसरे नाही गं! दुसऱ्यांत पहिले."

"आणि पहिल्यांत?"

"पहिल्यांत आपण नव्हतोच."

तिनं एका सदऱ्याची घडी घातली, ती हातानं दाबून बसवली आणि विचार केला. "म्हणजे थोरल्या जावा आपल्याला विचारत नाहीत, पण धाकट्या जावांत आपण थोरल्या."

"तसंच काहीसं."

"मग त्यात वाईट काय आहे? मी पस्तीस वर्षं तेच करतेय."

पेंटर हसला खरा, पण त्याचं चित्त घरात नव्हतं. ते मैदानाच्या बाहेरच्या भिंतीपाशी जाऊन बसलं होतं.

ती भिंत रस्त्याच्या कडेनं लांबच लांब गेलेली, दोन पुरुष उंच. तिच्यावर निळ्या रंगात चार ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एक साल आणि पुढे 'वरच्या फळीचे विजेते'. चारही ओळी पेंटरच्या मामानं लिहिलेल्या. बाप गेल्यावर पेंटर चौदाव्या वर्षी मामाकडे आला. आधी ब्रश धुवायला शिकला, मग रंग कालवायला, मग सरळ रेघ ओढायला. अक्षराला हात लावायची परवानगी मिळेपर्यंत त्याला मिसरूड फुटलं होतं. पुढे त्यानं दवाखान्यांच्या पाट्या लिहिल्या, शाळांच्या भिंतींवर नियम लिहिले, अर्ध्या गावाच्या गाड्यांवर नंबर टाकले. नंतर छापील फलकांचा जमाना आला. दोन तासांत दहा फुटी फलक, तोही माणसाच्या फोटोसकट. त्यामुळे पाट्यांचं काम आटलं. भिंत तेवढी राहिली.

चौथी ओळ लिहिली गेली त्याला चौतीस वर्षं झाली. मामा फळीवर उभा होता आणि खाली रंगाचा डबा धरून भाचा. ओळ संपली तसा मामा खाली उतरला आणि तिच्याखालची मोकळी जागा दाखवून म्हणाला, "ही तुझी." त्यानंतर मामा वारला. संघानंही जणू त्याच्याबरोबर जिंकणं सोडून दिलं.

दर वर्षी हंगाम सुरू होण्याआधी पेंटर मामाची अक्षरं पुन्हा गिरवायचा. एक काना-मात्रा इकडची तिकडे होऊ द्यायचा नाही. पण दुसऱ्याच्या अक्षरावरून हात फिरवायचा म्हणजे दुसरीच्या लेकराला न्हाऊ घालण्यासारखं आहे. लेकरू लख्ख होतं, पण ते कोणाचं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. चार ओळी झाल्या की खालच्या मोकळ्या जागेला तो पांढऱ्याचा एक हात द्यायचा आणि घरी यायचा. चौतीस वेळा त्यानं कोरी जागा पुन्हा कोरी केली. आता तो बासष्टचा झाला होता. गुडघे उठता-बसता कुरकुरायचे आणि डॉक्टरांनी तर सांगूनच टाकलं होतं, "यंदाचं एवढं उरका. पुढच्या वर्षीपासून शिडी बंद." म्हणजे जे काय व्हायचं ते आताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्रीच्या सलूनमध्ये बैठक बसली. संघाच्या चाहत्यांचे सगळे निकाल तिथेच लागायचे. समोर भलामोठा आरसा होता. आठ माणसं जमली की सोळा दिसायची आणि सभा कशी भरगच्च वाटायची. संघाच्या सेक्रेटरीनं निरोप धाडला होता, "भिंत तुमची, रंगाचा डबा आमचा. शनिवारी मिरवणूक आहे, त्याच्या आत काय ते ठरवा."

"ठरवायचं काय त्यात?" कात्री एका गिऱ्हाइकाची मान वाकवत म्हणाला. "लिहायचं नाही. त्या चार ओळी बघा, कशा राजासारख्या बसल्यात. त्यांच्या पायाशी दुसऱ्या फळीचं लिहून नाक कापून घ्यायचंय?"

"नाक सांभाळ बाबा, वस्तरा तुझ्याच हातात आहे," गिऱ्हाईक खालच्या मानेनं म्हणालं.

"हसा! पलीकडचेही हसतायत. कालच माझ्या मेव्हण्याचा फोन आला होता. म्हणतो, वासरांत लंगडी गाय शहाणी!"

पलीकडचे म्हणजे पुलापलीकडचा संघ. ते वरच्या फळीत ठाण मांडून बसले होते. आजवर एकही चषक जिंकले नव्हते, पण घसरलेही नव्हते आणि त्याचीच त्यांना केवढी घमेंड.

मास्तर खाकरले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण मिटवामिटवीतून नाही. "आपण असं करू," ते म्हणाले. "साल लिहायचं आणि पुढे लिहायचं 'विजेते'. बास. फळीबिळीचं नावच काढायचं नाही. त्यात खोटं एक अक्षर नाही."

"फक्त एक-दोन अक्षरं कमी," कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कात्रीसुद्धा "मग ठीक आहे" म्हणाला. आणि सगळ्यांत आधी मान कोणी डोलावली असेल, तर पेंटरनं. ओळ मिळत होती ना, मग आणखी काय हवं!

घरी येऊन त्यानं जमिनीवर खाकी कागद अंथरला, कागदाला कागद चिकटवून तो चांगला बारा फुटांचा केला आणि कोळशानं साल आणि 'विजेते' लिहून काढलं. बायको हात पुसत आली. तिचं शिक्षण तिसरीपर्यंतचं, पण नवऱ्याचं अक्षर ती लांबूनही वाचायची.

"विजेते," तिनं वाचलं. "कशाचे?"

"लोक समजून घेतील."

"काय समजतील?"

"वर चार ओळी आहेत वरच्या फळीच्या. हीही तसलीच समजतील."

"पण तसली नाहीय."

"नाहीय."

ती कागदाच्या कडेशी बसली. "एक सांगा. भिंतीला परांची बांधता, तेव्हा खालून थेट वरच्या फळीवर उडी मारता का?"

"या गुडघ्यांनी? खालच्या फळीवर पाय देऊनच चढतो."

"मग तिच्यावर पाय दिला होता हे सांगायला लाज कसली?" असं म्हणून ती निघूनही गेली. स्वयंपाकघरात काहीतरी उतू जात होतं.

पेंटर कागदाकडे बघत राहिला. बारा फुटांच्या जागेत दोनच शब्द होते, एक इकडे आणि एक तिकडे, रुसल्यासारखे. त्याला मधली तीन वर्षं आठवली. ज्या गावांची नावं आधी ऐकलीही नव्हती, तिथल्या मैदानांवर तो आणि कात्री सामने बघायला गेले होते. एके ठिकाणी कोपऱ्यातला झेंडा म्हणून झाडूची काठी रोवली होती. एकदा पावसात प्रेक्षक म्हणून हे दोघंच होते, आणि गोलकीपरनं सामना संपल्यावर येऊन दोघांशीही हात मिळवला होता. बाकीचे चांगले खेळाडू दुसऱ्या संघांत निघून गेले, पण तो गोलकीपर राहिला. 'दुसऱ्या फळीचे' हे शब्द गाळले, तर ती तीन वर्षंच गळतील. आणि चौतीस वर्षं वाट बघून माणसानं एकच ओळ लिहायची, ती पण अर्धी?

शुक्रवारी सकाळी तो ब्रश घेऊनच दाढीला गेला. भिंतीवर चढायचं तर तोंड स्वच्छ हवं, ही मामाची शिस्त होती. कात्रीनं दोन्ही गालांना फेस लावला, डावा गाल उतरवला आणि वस्तरा पुसता पुसता सहज विचारलं, "आज लिहितोस ना? दोन शब्द, तासाभराचं काम."

"चार शब्द," पेंटर आरशातल्या कात्रीला म्हणाला. "साल, दुसऱ्या, फळीचे, विजेते. पुरं लिहिणार आहे."

कात्रीचा हात थांबला. "ठरलं होतं ना लेका! तूच मान हलवलीस!"

"मानेची चूक झाली."

"मग मी छापील फलक सांगतो. दोन तासांत लागेल तिथे, आणि तोंड वर करून बोलणार नाही."

"सांग. पण त्या भिंतीवर माझ्या हातून अर्धी ओळ जाणार नाही."

"आधी शब्द दे, मग उरलेली दाढी," कात्री वस्तरा मिटत म्हणाला.

पेंटरनं मानेभोवतीचं कापड स्वतःच सोडलं, नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि उठला. "अर्ध्या ओळीपेक्षा अर्धी दाढी बरी," म्हणाला आणि उजव्या गालावर फेस घेऊन भर रस्त्यानं चालू लागला.

आता अर्ध्या दाढीचा माणूस भर सकाळी ब्रश घेऊन निघाल्यावर गाव काय घरात बसतंय? भाजी घेणाऱ्या बायका थांबल्या, सायकलवाले उतरले. "काय झालं हो पेंटरकाका?" विचारत माणसं मागून चालायला लागली. पेंटर भिंतीपाशी पोचला तेव्हा त्याच्यामागे चाळीस-पन्नास माणसांची वरात होती. त्यात मास्तरही होते. बायको परांचीच्या दोऱ्या ओढून बघत आधीच उभी होती. तिनं त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पदरानं फेस पुसून टाकला.

"मास्तर, डबा धरा," पेंटर म्हणाला. मास्तरांनी मिटवामिटवी करायला तोंड उघडलं होतं, पण हातात डबा आल्यावर ते मिटलं.

त्यानं भुकटी लावलेली दोरी ताणून फट्कन सोडली. भिंतीवर सरळ रेघ उमटली. आधी साल आलं. लोक मोठ्यानं वाचत होते, जणू परीक्षेचा निकाल लागतोय. मग 'दु' आला आणि वाचणारे एकदम गप्प झाले. 'दुसऱ्या' पुरा होईपर्यंत कोणी हूं की चूं केलं नाही. पेंटरच्या पाठीला ती शांतता टोचत होती, पण हात हलला नाही. उलट अक्षर चांगलं ऐसपैस उतरत होतं. 'फळीचे' झालं. 'विजेते'च्या शेवटच्या मात्रेला येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं आणि गर्दी रस्त्याच्या मधोमध सरकली होती. त्यामुळे पुलाकडून आलेली बस तिथेच अडकली.

बसच्या खिडकीतून एकानं मुंडी बाहेर काढली, ओळ वाचली आणि खदाखदा हसला. "अरे वा! लंगडी गाय रंगवली वाटतं!"

"लंगडी तर लंगडी!" गर्दीतून कोणीतरी कडाडलं. "दूध तर देते! तुमचा गोठा किती वर्षं रिकामा आहे ते सांग आधी! लिहायला एक ओळ तरी आहे का तुमच्या भिंतीवर? भिंत तरी आहे का?"

गर्दी खो खो हसली. मुंडी आत गेली. पेंटरनं फळीवरून वळून बघितलं. खांद्यावर टॉवेल टाकून, लालबुंद तोंडानं कात्री उभा होता. गिऱ्हाइकं खुर्चीत टाकून तो कधी आला होता, कोणास ठाऊक.

कात्रीनं मान मागे करून ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळली, एखाद्याचे केस दोन्ही बाजूंनी सारखे झालेत का बघतात तशी.

"'दुसऱ्या' एवढा मोठा?" तो म्हणाला.

"असू दे."

"असू दे ना, मी कुठे नाही म्हणतोय! पण मग 'विजेते' असा अंग चोरून का उभा आहे? चोरी केलीय का त्यानं?"

पेंटर खाली उतरला आणि रस्त्यापलीकडे जाऊन बघू लागला. खरंच होतं. भांडणाच्या भरात 'दुसऱ्या' आणि 'फळीचे' एवढे पसरले की 'विजेते'ला जागाच पुरली नव्हती. मामाच्या ओळी जिथे संपत, तिथे याचीही संपवायची म्हणून शेवटचा शब्द त्यानं नकळत चेपून बसवला होता. चौतीस वर्षं वाट बघितली आणि मापात चुकला.

"चालेल की," मास्तर म्हणाले. "लांबून कळत नाही."

"मला कळतं," कात्री म्हणाला. "तीन वर्षं चिखलात उभं राहून बघितलंय मी. 'विजेते' मोठा पाहिजे."

"मोठा केला तर ओळ मामाच्या पुढे जाईल," पेंटर म्हणाला.

"मग जाऊ दे ना पुढे! पुढे भिंत काय संपलीय?"

पेंटरनं बायकोकडे पाहिलं. तिनं आधीच चिंधीवर टर्पेंटाइन ओतून ठेवलं होतं.

तो पुन्हा फळीवर चढला. गुडघे बोलले, पण त्यानं ऐकलं नाही. 'विजेते' पुसला, खालचा पांढरा नीट केला आणि या वेळी माप न घेता, हात सैल सोडून लिहायला लागला. खाली मास्तरांच्या हातून कात्रीनं डबा काढून घेतला, कारण मास्तर तो तिरका धरत होते. चार ओळींची कड मागे पडली तरी अक्षर पुढे चालत राहिलं, आणि पाचवी ओळ वरच्या चारही ओळींपेक्षा चांगली हातभर लांब झाली.