भिंतीला कान लावणारा मामा

फोन आला तेव्हा मी नांदेडला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काँक्रीटचा ठोकळा यंत्राखाली ठेवत होते. आई एवढंच म्हणाली, "दादा गेला गं..." दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा गोविंदमामा, गवंडी. दुपारी जेवून भिंतीला टेकून बसला, तो उठलाच नाही. आमच्या घरात आजवर कुणी कुणाबद्दल लिहिलेलं नाही, त्यामुळे हे कसं लिहितात मला ठाऊक नाही. पण सव्वा महिना झाला आणि मामाचं एक काम अजून चालूच आहे, असं मला राहून राहून वाटतं.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं. जुन्या गावठाणात आता बाभळी आणि दगडांचे ढीग. माणसं गेलेल्या घरांचे दगड म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. मी सिव्हिल इंजिनिअरिंगला गेले आणि मोठ्या उत्साहानं मामाला सांगितलं, की पडलेल्या बांधकामाचा माल पुन्हा वापरला तर नवी खाण फोडावी लागत नाही, सिमेंट वाचतं. तो हसला. "एवढ्यासाठी फी भरायलीस का माय? आमचा बाप हेच करत व्हता." आजोबाही गवंडीच. भूकंपात त्यांनी स्वतः रचलेल्या भिंतीखालीच ते आणि आजी गेले. "दगड जिम्मेदार न्हाई," मामा म्हणाला. "भिंतीची दोन्ही तोंडं सजवली अन् मधात नुसती भर. आरपार जाणारा एक दगड न्हाई घातला."

त्यानंतर तो ट्रॅक्टरनं तेच दगड आणू लागला आणि आमच्या मागच्या अंगणात एक खोली बांधायला घेतली. दर दोन हातांवर एक लांब दगड आरपार, दाराच्या वरून चारी भिंतींना आवळणारा सळईचा पट्टा, जोडायला चुना, वर मातीच्या माळवदाऐवजी हलका पत्रा. खोली कुणासाठी, हे त्यानं कधी सांगितलं नाही, पण आईला कळलं होतं.

"त्या दगडात मी पाय ठेवणार न्हाई, दादा."

"घटकाभर बस फक्त, सुमे. मग मोड म्हन, मीच मोडतो."

आई आत गेली नाही. तो असेतोवर गेली नाही.

मामाची एक सवय होती. दिवसाचं काम संपलं की थापी उलटी धरायचा, तिच्या लाकडी मुठीनं भिंतीवर तीन ठोके द्यायचा आणि कान लावून उभा राहायचा. मजूर बाया चेष्टा करायच्या, "मिस्त्री, भिंतीला मिसकॉल द्यायलाव का?" मला वाटायचं, तो पोकळी शोधतोय. तसं विचारलं, तर म्हणाला, "पोकळ असलं तर पयल्या ठोक्यालाच कळतंय."

"मग थांबतोस कशाला?"

"उत्तर येतंय का बघायलो."

एकदा त्यानं माझाही कान लावला. ओल्या चुन्याचा गारवा, आणि खूप आतून... टक, टक, टक. माझीच नाडी असेल. मी चटकन बाजूला झाले. "आलं?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "न्हाई." त्याचा चेहरा उतरला आणि तो थापी धुवायला गेला.

तेराव्यानंतर आईनं सांगितलं. भूकंपाच्या पहाटे ती आठ वर्षांची होती. दगडांखाली हाताला पितळी वाटी लागली. ती तीनदा वाजवायची आणि दम खायची. वर मामा दगडांवर पालथा पडून कान लावत होता आणि उलट तीन ठोके देत होता. "पलीकडून आई बी वाजवत व्हती," ती म्हणाली. "दादानं आधी मला काढलं. मग तिच्याकडं वळला, तर तिचं थांबलं व्हतं..."

गेल्या आठवड्यात, भर दुपारी, आई उठली. घरातली मामाची थापी घेतली आणि त्या खोलीत गेली. मी बाहेरच्या बाजूला, भिंतीपाशी. आतून तीन ठोके ऐकू आले. मग काहीच नाही. उत्तर द्यायला मी हात उचलला, पण दगडावर नुसता टेकवून राहिले. दगड उन्हानं तापला होता. आणि मग तीन ठोके आले. सावकाश.

मी वाजवले नव्हते.

आई खूप वेळानं बाहेर आली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तूच वाजवलंस ना गं?"

"हाव," मी म्हणाले. मामाला खोटं "न्हाई" सांगितलं होतं, तिला खोटं "हाव". ऊन चढलं की पत्रा वाजतो, चुना वाळताना दगड बसतात, हे मी शिकलेय. तेच असेल...

आता आई रोज दुपारी त्या खोलीत आडवी होते. गाढ झोपते. नांदेडला निघायच्या दिवशीही झोपली होती. उशाशी पडलेली थापी मी उचलली आणि त्या खोलीच्याच कोनाड्यात ठेवली, अगदी हळू, मूठ भिंतीला लागणार नाही अशी.