चुन्यानं लिवलेला बत्तीस

वळणावर सायकल आडवी पडलेली, चेन तुटून लोंबतेय, आन् दीर नाय, माझी पोरगी नाय. खाली दरीत बघू का वर रस्त्यानं पळू, काय कळंना. "ओ भावजी!" म्हणून बोंबलले, तर माझाच आवाज परत आला. बाजूच्या दगडावर चुन्यानं आकडा लिवलेला, बत्तीस. त्याच्याच हातचा. मी चौथीपर्यंत शिकलेली, आकडं वाचता येतात. तो वाचला आन् चूक कुणाची ते मला तिथंच कळलं.

हा माझा धाकला दीर. अख्ख्या मोखाडा तालुक्यात असा येडा माणूस देवानं दुसरा केला नाय, आन् केला असंल तर त्याच्या भावजयीला माझा नमस्कार. तो रस्त्यावरच्या चहाच्या हाटेलात कामाला. तिथं एका सायकलवाल्या पावण्यानं त्याला आपली जुनी गेरची सायकल दिली आन् डोक्यात शर्यत घालून गेला. आधी तळ्यात पोहायचं, मंग नव्वद किलोमीटर घाटाघाटानं सायकल, मंग एकवीस किलोमीटर पळायचं, सगळं एकाच दिवशी! आमी बाया उन्हाळ्यात पाण्याला जातो-येतो, त्याचं कोण बक्षीस देत नाय. पण ह्याला झोप लागंना. मागच्या चाकाला बसवायच्या त्याच्याकडं दोन चकऱ्या. बत्तीस दात्यांची लावली तर चढ हलका, पण सपाटीला पाय नुसतं पंख्यागत फिरतात. पंचवीसची लावली तर सपाटीला वारा, पण चढाला गुडघं रडतात. कोणती लावू, कोणती लावू, चार महिनं आमचं डोकं खाल्लं. भाताचा घास हातात धरून सासूला इचारायचा, "आये, बत्तीस का पंचवीस?" तिला वाटलं सोयरीक आलीय. "पंचवीसची बघ रं, बत्तीसची कधी नांदायची?" एकदा अंगणवाडीत पोरं तोलायच्या काट्याला त्यानं सायकल टांगली. ताई म्हनल्या, "पोरांपेक्षा हीच बरी भरलीय. हिचा खाऊ बंद." मी पण हसले तवा. माझी पोरगी त्याच काट्यावर दर महिन्याला कमी भरायची, तरी हसले.

मंग त्यानं हँडलला पाण्याची अर्धी बाटली आडवी बांधली. पाणी किती कलतंय त्यावरनं चढ मोजायचा आन् वळणावळणावर दगडाला चुन्यानं आकडा लिवायचा, इथं पंचवीस चालतीय, इथं बत्तीसच पायजे. खोडाळ्याकडच्या लोकांनी ते आकडं बघितलं आन् गावात बोंब झाली, रस्ता रुंद होतोय, जमिनी जाणार! वीसेक माणसं सातबारा घिऊन तहसीलला निघाली. हा जीपच्या आडवा जाऊन हात जोडून म्हनाला, "काका, जमीन नाय जात, माझं गुडघं जातंय." काकांनी त्याला तिथंच एक ठेवून दिली, आन् मंग बिडीपण दिली.

शर्यत येत्या रविवारची. ह्या सोमवारी पोरीला ताप, मांडीवर कण्हत व्हती, आन् हा दोनी चकऱ्या घिऊन दारात उभा. "वयनी, आता तूच सांग. तू सांगशील ती लावतो." मी वैतागलेली. म्हनलं, "लावा ती पंचवीस आन् एकदाचं गप बसा." गप बसला हो. लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी ताठ झाली, डोळं पांढरं. नवरा भिवंडीला कामावर, जीप बाजाराला गेलेली, मोबाईलला रेंज नाय. दिरानं माझ्या लुगड्यानं तिला पाठीला बांधली. "वयनी, दोघींना घिऊन चढ निघायचा नाय. तू मागून ये." मी दिली. त्या येड्याच्या पाठीवर माझी एकुलती एक दिली आन् मागून पळत सुटले. दगडावर पंचवीस दिसला, बरं वाटलं. परत पंचवीस. मंग ते वळण.

दुधाच्या टेम्पोवाल्यानं मला मोखाड्याला आणलं. दवाखान्यात पोरीला सलाईन लावलेलं, आन् हा खाली फरशीवर. चप्पल कुठं तुटली त्याला ठाव नाय, डांबरानं दोनी तळवं सोललेलं. मला बघून म्हनाला, "चढाला पाय अडला, जोर केला तर चेनच तुटली. मंग पळालो, वयनी. पळायचं काम आधीच उरकलं." हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाय.

आज तिसरा दिवस. पोरीनं अजून डोळं उघडलं नायत. डाक्टर म्हनतात, वाट बघा. रविवारची शर्यत हातची गेली, त्याच्या पायाला पट्ट्या, तरी घरी जात नाय. बाकड्यावर बसून सलाईनचं थेंब मोजतो. शंभर झालं की परत एकपासून. मघाशी मोजायचं थांबून हळूच म्हनाला, "वयनी, बत्तीस असती तर लवकर पोचलो असतो, न्हाय?" दोष देत नाय हो तो. त्याला इचारायची सवयच हाय. मी त्याच्या पायाच्या पट्ट्या नीट केल्या.

बायांनो, पोर मांडीवर कण्हत असताना कोणी दारात चकऱ्या धरून उभा राहिला असता, तर तुमी काय सांगितलं असतं?