तर्री नसलेला रस्सा

आमच्याकडे रस्सा आधी डोळ्यांनी खातात. वर लाल तर्रीचा थर दिसला नाही, तर माणूस घास घेण्याआधीच स्वयंपाक करणाऱ्याचं खानदान काढतो. मीही त्यातलीच. नात्यात कुठंही कोंबडं शिजलं की पंगत बसण्याआधी पहिली वाटी माझ्यासमोर येते. मी चाखायचं, मीठ-तिखट सांगायचं, मग वाढायला सुरुवात. हा मान मला कोणी दिला ते आठवत नाही, पण मी तो दुसऱ्या कोणाला घेऊ दिलेला नाही एवढं खरं.

म्हणून बहिणीचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. तिची लेक काही वर्षं व्हिएतनाममध्ये एका हॉटेलात स्वयंपाकाला होती. परत आली ती तिकडचं नूडल सूप डोक्यात घेऊनच. लोहाऱ्याला एमआयडीसीच्या रस्त्यावर एक गाळा घेऊन तिनं तेवढा एकच पदार्थ विकायला काढला. बहीण अगदी रडकुंडीला आली होती.

“लोकं म्हणतात हे पाणी हाय. वाट्या अर्ध्या टाकून जाऊन राह्यले. तू जा, चाख, अन् तिले सांग तर्री टाक म्हणून. माहं तं ऐकतच नाही. तुह्यं ऐकते.”

मी निकाल मनात पक्का करूनच ऑटोत बसले.

गाळ्यात पोचले तेव्हा दोन कामगार हात धुऊन बाहेर पडत होते आणि भाची त्यांच्या टेबलावरच्या वाट्या उचलत होती. मला बघून हसली, पण वाट्या लगबगीनं आत घेऊन गेली. त्या भरलेल्या होत्या हे मला दिसायचं ते दिसलंच.

आत शेगडीवर एक मोठं पातेलं होतं, शेजारी संध्याकाळसाठी दुसरं नुकतंच चढवलेलं. आणि कोपऱ्यात एका कढईत लालभडक तेल. मी विचारलं, “हे काय?”

“तर्री. आईनं करायले लावली,” ती म्हणाली. “तू खाऊन सांग मावशी. तू म्हणशील तं आजपासूनच टाकीन. पण मंग बाहेरची व्हिएतनामी सूपाची पाटी उतरवीन. मंग ते हे नाही राह्यत.”

एवढं बोलून तिनं वाटी भरली. वाटी कसली, चांगलं मोठं वाडगं. त्यात तांदळाच्या रुंद शेवया, कोंबडीचे तुकडे, वर कांद्याची पात आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. आणि रस्सा इतका नितळ, की वाडग्याच्या तळाचं निळं फूल दिसत होतं. कोंबडी धुतलेलं पाणी तर हिनं वाढलं नाही ना, असं माझ्या मनात आलं. बाजूला बशीत लिंबू, तुळशीसारखी पानं आणि मिरची होती. मी सवयीनं मिरचीकडे हात नेला.

“पह्यले तसाच पी, मावशी.”

मला शिकवते! मी रागारागानंच घोट घेतला.

आधी नाकात आला तो कांदा. विस्तवावर काळा होईस्तोवर भाजलेला, आपल्या वाटणातला, अगदी घरचा. त्याच्या मागून आलं, मग दालचिनी, मग चक्रीफूल. एकानंही दुसऱ्याला ढकललं नाही. आणि सगळे येऊन गेल्यावर आली कोंबडी. मी जन्मभर कोंबडी खात आले, पण तिची स्वतःची चव अशी असते हे मला त्या दुपारी कळलं. तिखटानं डोळ्यांत पाणी येणं मला माहीत आहे. इथं तिखटाचा कण नव्हता आणि तरी माझे डोळे भरले.

पण सवय जात नाही. खोट काढायचीच म्हणून मी शोधत राहिले. मीठ पाहिलं, बरोबर. शेवया बोटांनी उचलून पाहिल्या, चिकटल्या नव्हत्या की पिचल्या नव्हत्या. वर चरबीचे बारीक सोनेरी ठिपके तेवढे होते. मग मी लिंबू पिळलं, तर तोच रस्सा उठून बसला. मी वाडगं दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावलं आणि रिकामं करून खाली ठेवलं. एवढा मसाला जिच्या आत होता ती गोष्ट डोळ्यांना पाणी दिसत होती, याची मला भीतीच वाटली. आजवर किती वाट्या मी नुसत्या बघून नापास केल्या असतील कोण जाणे.

भाची कढईच्या कडीला हात लावून उभी होती. “तं? टाकू?”

बहिणीचा निरोप आता सांगण्यात अर्थ नव्हता. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलून तिचं दुकान चालणार होतं असंही नाही. एमआयडीसीतला भुकेला माणूस उद्याही तर्रीच मागणार. ती माझ्या शब्दासाठी थांबली आहे, आणि माझा शब्द इथं तोकडा पडतोय, हे मला पहिल्यांदाच जाणवत होतं.

मी म्हणाले, “मले शिकव.”

मी आजवर कोणाला काही शिकव म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. लोकांचे एवढे टोमणे ऐकूनही न रडलेली ती पोरगी मटकन तिथल्याच उलट्या क्रेटवर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. मला काय करावं सुचेना. समजूत घालणं मला कधी जमलेलं नाही. तेवढ्यात संध्याकाळच्या पातेल्याला उकळी फुटली आणि वर करडा फेस जमला, तशी मी उठले, झारा घेतला आणि आत घातला.

“ढवळू नोको, मावशी, रस्सा गढूळ होते,” ती नाक पुसत म्हणाली. “फक्त वरचं काढून टाक.”