झाकण न उघडता विकलेले कार्ड

जंपरअण्णांशी पहिल्यांदा बोलणाऱ्याला वाटे की हा माणूस आपल्यावर रागावला आहे. ते ओठ मिटून, नाकातून बोलत. कारण रागाचे नव्हते. कॉम्प्युटरच्या आत जी कार्डे बसवतात त्यांच्यावर बारीक पिना असतात आणि त्या पिनांवर तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी काळी टोपी बसते. तिला जंपर म्हणतात. ती कोणत्या पिनांवर बसवली यावरून ते कार्ड कसे वागणार हे ठरे. शिंपी टाचण्या धरतो तशा अण्णा या टोप्या ओठांत धरत. काम नसले तरी एखादी तिथे असेच. रोह्यात त्यांना सगळे याच नावाने ओळखत. दुकानाच्या पाटीवरचे नाव कोणी वाचत नसे.

दुकान एसटी स्टँडजवळ होते. नव्वदीचे दशक उतरणीला लागले होते आणि दुकानात येणारे कॉम्प्युटर निम्मे जुने, निम्मे नवे असत. आत काळे लांब स्लॉट जुन्या कार्डांसाठी, पांढरे आखूड स्लॉट नव्या कार्डांसाठी. एकातले दुसऱ्यात बसत नाही. गिऱ्हाइकाला यातले काही माहीत नसे आणि तो थेट कार्डाचे नाव घेई. अण्णांचे उत्तर ठरलेले होते. "झाकण काढा, मग बोलू." गिऱ्हाइकाने कॉम्प्युटर उचलून आणायचा, नाहीतर अण्णा त्याच्या घरी जायचे. झाकण उघडून आतले स्लॉट, शेजारची कार्डे आणि त्यांचे जंपर स्वतः पाहिल्याशिवाय ते काही विकत नसत.

पेणचे एक डॉक्टर यावरून चिडले होते. "अण्णा, कार्ड विकताय की मुलीची पत्रिका जुळवताय?"

"डॉक्टर, तुम्ही पेशंट न बघता गोळी देता काय?"

"फोनवर देतो की!"

"मग माझा ताप कधी फोनवर सांगायचा नाय," अण्णा म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. आत पांढरा स्लॉट नव्हताच. डॉक्टर ज्या कार्डासाठी आले होते ते त्यांना त्या दिवशी मिळाले नाही.

स्लॉट जुळला तरी अण्णांचे समाधान होत नसे. काम झाले की कॉम्प्युटरला हाक मारायची, यासाठी प्रत्येक कार्डाला एक नंबर लागतो आणि तो टोपी कोणत्या पिनांवर बसवली यावरून ठरतो. दोन कार्डांना एकच नंबर पडला तर एक बोलू लागले की दुसऱ्याची हाक हरवते. वरवर सगळे चालू दिसते. अण्णा म्हणत, "बंद पडलेलं कार्ड चांगलं. गप्प बसलेलं वाईट. बंद पडलेलं तुम्ही माझ्याकडे आणता. गप्प बसलेल्यावर भरवसा ठेवता."

हे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकले असेल ते हिराजीने. हिराजी पेणजवळच्या खाडीकाठचा, मिठागरावर राबलेल्या घरातला. रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर होता. त्याच्या प्लांटमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा तो पाळी सुटल्यावर अण्णांकडे येऊन शिकू लागला. त्याचे काम त्याने दुकानात अनेकदा सांगितले होते. रिॲक्टरमध्ये, म्हणजे रसायने मिसळायच्या मोठ्या बंद भांड्यात, एक द्रव्य आधीच भरलेले असते. दुसरे थोडे थोडे सोडायचे. दोन्ही मिसळली की उष्णता निघते. पडद्यावरचा आकडा वाढू लागला की नळ आवळायचा, उतरला की सैल करायचा. तो आकडा कॉम्प्युटरमधले एक जुने, लांब कार्ड पुरवत असे. शिवाय रिॲक्टरच्या अंगावर काट्याचे मीटर होते आणि त्याच्यापाशी दुसरा माणूस उभा असे. "दोघं असलो की भ्या नाय," हिराजी म्हणे.

एका वर्षी कंपनीच्या साहेबांना तो आकडा स्वतःच्या टेबलावर हवा झाला. त्यासाठी प्लांटच्या कॉम्प्युटरला नेटवर्क कार्ड लागणार होते. अण्णांनी झाकण उघडायला प्लांटमध्ये येतो असे कळवले. बाहेरच्या माणसाला आत पास मिळणार नाही, असे उत्तर आले. त्याऐवजी कंपनीचा इलेक्ट्रिशियन जुन्या कार्डाची माहिती घेऊन दुकानात आला. तो गणपतीचा आदला दिवस होता. इलेक्ट्रिशियनला कार्ड बसवून संध्याकाळपर्यंत माणगावच्या पुढे गावी पोचायचे होते. अण्णांना मूर्ती आणायला जायचे होते आणि घरून दोनदा निरोप आला होता. आकडा पुरवणाऱ्या त्या जुन्या कार्डाचा नंबर पाच होता. नेटवर्क कार्डाच्या खोक्यावर डकवलेल्या कागदावर तीन छापलेला होता. नंबर वेगळे होते. अण्णांनी खोके न उघडता कार्ड दिले, दुकान बंद केले आणि मूर्ती आणायला गेले.

दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन झाल्यावर ते पेणला आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत आले. मी तिथे बातमीदार होतो. आमचे दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे होते. त्यांनी त्याच खेपेतले नेटवर्क कार्ड आणले होते. कागदावरचा नंबर पाहून त्यांनी ते बसवले आणि झाकण तसेच उघडे ठेवून तपासणी सुरू केली. एका कॉम्प्युटरवर मूर्तिकाराचा फोटो स्कॅन होऊ लागला. शेजारच्या कॉम्प्युटरवरून मी एक फाइल मागवली. फोटो कपाळापर्यंत उतरला आणि थांबला. पडद्यावर चूक झाल्याची सूचना आली नाही. नुसते कपाळ दिसत राहिले.

अण्णांनी वीज बंद केली, नेटवर्क कार्ड उपसले आणि खिडकीपाशी नेले. टोपी तीनवर नव्हती, पाचवर होती. आमच्या स्कॅनरच्या कार्डाचा नंबरही पाच होता. ओठांतली टोपी त्यांनी हातावर घेतली. "कागद जुना हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "धाटावला पन हेच गेलंय."

त्यांनी फोन लावला. कंपनीच्या टेलिफोनवरच्या माणसाने तो साहेबांना जोडून दिला. साहेबांचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळे ऐकू येत होते.

"अहो अण्णा, कार्ड मस्त चालतंय! इथे टेबलावर आकडा दिसतोय."

"साहेब, हलतोय का तो?"

"स्थिर आहे. स्थिरच पाहिजे ना?"

"आज बॅच हाय काय?"

"दुपारच्या पाळीला. बरं, मला मीटिंग आहे."

"साहेब, तुम्ही टेबलावर आकडा मागवताय म्हणूनच तो जागचा हलत नाय, जुन्या कार्डाची हाक..." फोन ठेवला गेला होता. पुन्हा लावला तेव्हा लाइन मिळाली नाही, तिसऱ्यांदाही नाही. गणपतीच्या दिवसांत धाटावची निम्मी माणसे गावी असतात, एका पाळीत दोघांचे काम एकजण करतो. काट्यापाशी कोणी नसणार हे अण्णांना ठाऊक होते.

रोह्याकडे जाणारी पॅसेंजर येण्याच्या बेतात होती. संपादकांनी मला बरोबर पाठवले. गेटवर पत्रकाराचे ओळखपत्र उपयोगी पडेल, असा त्यांचा अंदाज होता. तो चुकीचा ठरला.

कासूला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. गणपतीसाठी सोडलेल्या जादा गाड्यांना वाट द्यायची होती. अण्णा फलाटावर उतरले. स्टेशन मास्तरांना म्हणाले, "मास्तर, किती वेळ?"

"समोरची गेली की सोडतो."

"ती कुठं हाय?"

"यायची आहे."

कंपनीला फोन करता येईल का, असे त्यांनी विचारले. मास्तरांकडे होता तो रेल्वेचा फोन होता, बाहेर लागत नव्हता. अण्णा फलाटाच्या टोकापर्यंत जात आणि परत येत. शेतावरून आलेल्या एका बाईने टोपली खाली ठेवत विचारले, "काय वो, कोन आजारी हाय काय?"

"अजून नाय," अण्णा म्हणाले.

समोरची गाडी न थांबता गेली. आमची सुटली. रोह्याला उतरून रिक्षाने धाटावला पोचलो तेव्हा दुपारची पाळी आत गेलेली होती.

गेटवरच्या वॉचमनने अण्णांना ओळखले आणि हात आडवा केला. "पास?"

"नाय. हिराजी हाय का आत?"

"हाय. पन सोडायचं नाय, अण्णा. माझी नोकरी जाईल. आणि हे पेपरवाले कशाला आनलेत? आता तर साहेब मला पन सोडायचे नाय."

"मला सोडू नको. तुझ्या खोलीतला फोन त्याला लाव. रिसिव्हर तूच धर, मी नुसता बोलतो."

वॉचमनने एकदा ऑफिसच्या इमारतीकडे पाहिले. मग त्याने आतला फोन फिरवला आणि रिसिव्हर दोघांच्या मध्ये धरला.

"हिराजी, मी अण्णा. पडद्यावर किती हाय?"

"नेहमीचाच आकडा, अण्णा. लय शांत हाय आज. चढतच नाय."

"नळ कसा ठेवलायस?"

"चढत नाय म्हनून जरा जास्त उघडलाय."

अण्णांनी तोंड रिसिव्हरजवळ नेले. आवाज मात्र दुकानातलाच राहिला. "नळ बंद कर. पडदा मेलाय. जा, काटा बघ. फोन ठेवू नको, नुसता खाली सोड."

रिसिव्हर लोंबत राहिला असावा. तो कशावर तरी आपटल्याचा आवाज येत होता. नंतर लोखंडी जिन्यावरची पावले. नंतर कोणीतरी ओरडले, शब्द कळले नाहीत. अण्णांनी वॉचमनचे मनगट धरून रिसिव्हर कानाजवळ ओढला. पंप सुरू झाल्याची घरघर आली. मग हिराजीचा श्वास.

"काटा लाल पट्ट्यात हाय, अण्णा. नळ बंद केला. थंड पानी सोडलंय."

"आता बाहेर पड."

"कसा पडू? पानी कोन बघील?"

हिराजीने रिसिव्हर ठेवला. आम्ही तिघे गेटपाशी उभे राहिलो. आतून धोक्याचा भोंगा वाजला नाही. बऱ्याच वेळाने वॉचमनच्या खोलीतला फोन वाजला. काटा उतरू लागला होता.

साहेब गेटवर आले ते ओरडतच. "परस्पर प्लांटला फोन? कोणाच्या परवानगीने?"

"कार्ड माझं," अण्णा म्हणाले. "न बघता विकलं. चूक माझी. ते आधी काढा, मग मला बोला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "काही झालेलं नाही ना? मग विषय संपला. बाहेर चर्चा नको. तुमचंही नाव खराब होईल."

अण्णा परतीच्या वाटेवर म्हणाले, "छापा. माझ्या नावानं. त्या खेपेतली कार्डं अजून लोकांकडे हायेत."

पुढच्या अंकात निवेदन आले. अमुक खेपेतले नेटवर्क कार्ड माझ्याकडून घेतलेल्यांनी ते वापरू नये, मी येऊन बदलून देईन, चूक माझी आहे, एवढाच मजकूर होता. संपादकांनी शेवटचे वाक्य गाळू का, असे विचारले होते. अण्णांनी ते ठेवायला सांगितले. पेणच्या डॉक्टरांनी मागाहून त्या खेपेतले कार्ड घेतले होते, ते त्यांनी मुद्दाम रोह्याला आणून दिले. एका शाळेने आमचे व्यवस्थित चालते असे कळवले. तिथे अण्णा स्वतः गेले आणि मुख्याध्यापकांशी वाद घालून कार्ड काढून आणले. सगळी कार्डे परत आली. गिऱ्हाइके आली नाहीत. धाटावच्या कंपन्यांनी त्यांना बोलावणे बंद केले. इतरांनी पनवेलचा रस्ता धरला. तिथे कोणी झाकण काढायला सांगत नसे.

नंतर असे कॉम्प्युटर आले की कार्डांचे नंबर ते स्वतःच ठरवत. तोपर्यंत अण्णांनी दुकान सोडून मुलीकडे ठाण्याला जायचे नक्की केले होते. रोहा स्टेशनवर त्यांना सोडायला मी होतो आणि हिराजी होता. हिराजीने त्यांचे सामान डब्यात चढवले आणि खिडकीपाशी येऊन उभा राहिला.

"अण्णा, एक इचारू? तुमी छापलंत कशाला? गप्प राहिला असतात तर कोनाला कळलं नसतं. दुकान चाललं असतं."

"मी त्या दिवशी कासूलाच अडकलो असतो, तर?"

"तर काय?"

"तर तुला कळलं असतं, हिराजी. सगळ्यांच्या आधी."

हिराजी हसायला गेला, पण त्याला ते जमले नाही. त्याने खिडकीच्या गजावरचा अण्णांचा हात दाबला. गाडी सुटली. तिचा शेवटचा डबा फलाटाबाहेर जाईपर्यंत तो उभा राहिला आणि तिथूनच दुपारच्या पाळीला धाटावला गेला.