घरटी एक भीती

दुसऱ्या लाटेत आशा कार्यकर्ती शाहजादी मुलाणीला नवं काम लागलं, गावाची भीती मोजायचं. कवठे महांकाळकडच्या त्या गावात दोनशे दहा उंबरे. दहा प्रश्नांचा फॉर्म, उत्तराला शून्य ते चार गुण. कोरोनाचं नाव काढलं की छाती धडधडते का, झोप उडते का, हातपाय गार पडतात का. वीसच्या वर गुण गेले की तालुक्याची समुपदेशक फोन करणार. इथवर सगळं ठीक होतं. पण वर ठळक सूचना छापलेली, घरटी एक फॉर्म, उत्तरं कुटुंबप्रमुखाची. ही अक्कल कुणाची कोण जाणे. ताप माणसागणिक मोजायचा आणि भीती मात्र घरागणिक.

सुभेदार लालासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. चोवीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार.

"शून्य लिव. फौजी घर हाय हे. आमाला कसलं भ्या?"

"आबा, घरात सात माणसं हायती. सूनबाईला इचारू का?"

"तिचंबी शून्यच."

सूनबाई संयोगिता मोरीपाशी हात धूत होती. शाहजादी आली तेव्हा धूत होती, निघाली तेव्हाही धूतच होती. धुण्याच्या सोड्याने बोटांची सालटं निघालेली. दोन महिन्यांपूर्वी तिचा भाऊ दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून ती वर्षभराच्या लेकीला जवळ घेत नव्हती, आपल्या हातून तिला काही होईल म्हणून. पोर रडून रडून आईकडे रांगत जायची आणि आई उठून दूर व्हायची. अख्ख्या आळीला हे दिसत होतं. फॉर्मला तेवढं दिसत नव्हतं.

शाहजादीने आरोग्य केंद्रात सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "संगणक घरटी एकच फॉर्म घेतो, ताई. आणि तुमच्याच गावात सगळ्यात कमी भीती निघतेय. प्रमाणपत्र मिळणार तुम्हाला." शाहजादीच्या अंगाचा तिळपापड झाला. दोनशे नऊ घरांच्या कारभाऱ्यांनी मिशीवरून हात फिरवत शून्य शून्य सांगितलं, आणि त्याचं म्हणे प्रमाणपत्र.

एक फॉर्म अजून कोरा होता, तिच्या स्वतःच्या घराचा. नवरा वारल्यापासून त्या घराची प्रमुख तीच होती.

दुपारी सुभेदार आडवे झाल्यावर ती मागच्या दाराने गेली. "बस जरा. आज मी तुलाच इचारनार हाय."

संयोगिता प्रत्येक प्रश्नाला आधी दाराकडे बघायची, मग सांगायची. चार. चार. तीन. चार. सहाव्या प्रश्नाला तिला रडू फुटलं. शाहजादी आपल्या नावाच्या फॉर्मवर लिहीत राहिली. लिहिता लिहिता तिला कळलं, की यातली निम्मी उत्तरं तिची स्वतःचीही खरी आहेत. बेरीज सदतीस झाली.

साहेबांनी तिला बैठकीत सगळ्यांसमोर उभं केलं. "आशाच एवढी घाबरट, तर गावाला धीर कोण देणार?" दोघीतिघी हसल्या.

"व्हय, भ्या वाटतं मला," शाहजादी म्हणाली. "फोन कवा येनार, तेवढं सांगा."

रोज दुपारी ती मोबाईल घेऊन सुभेदारांच्या परसात जाऊन बसू लागली. तिसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडून बाईंनी विचारलं, "शाहजादी मुलाणी का?" ती हो म्हणाली आणि मोबाईल संयोगिताच्या सोललेल्या हातात दिला.

"बोल. आज तूच शाहजादी."

संयोगिताने एकदा दाराकडे बघितलं, मग ती हळूहळू बोलू लागली. तेवढ्यात आतून सुभेदारांचा आवाज आला, "कुनाचा फोन हाय गं?"

"माझा," शाहजादी म्हणाली, आणि पोरीला कडेवर घेऊन दारात आडवी उभी राहिली.