विक्राळसेन, धूम्रनाथ आणि यल्लव्वा

यल्लव्वाला अक्षरओळख नव्हती, पण एकदा कानावर पडलेलं वाक्य ती विसरत नसे. वाचता येणाऱ्यांना याचा फार त्रास व्हायचा.

वडगावात भरमाच्या घरी तीन माग होते. तिथं ती रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दुपारची भाकरी झाली की चौथी शिकलेला भरमा ‘काजळगड’ उघडून मोठ्यानं वाचायला बसे. ही १९२८ सालची गोष्ट. दर दोन महिन्यांनी निपाणीहून एक पातळसं पुस्तक यायचं. वर लेखकाचं नाव नसे, फक्त ‘एक निपाणीकर’. पहिल्या सहा भागांत विक्राळसेन नावाचा मायावी राजा राजकन्येला गडावर कोंडून ठेवतो. सातव्या भागात तो दिसेनासा होतो आणि धूम्रनाथ नावाचा जोगी कुठूनसा उपटतो. तो तिला भुयारात कोंडतो. राजकन्येच्या दृष्टीनं फरक एवढाच, की आता वारा लागत नव्हता.

नववा भाग वाचून झाला तशी यल्लव्वा म्हणाली, “ही दोघं न्हवंत. एकच हाय.”

समोर मारुतीराव बसले होते. पेन्शनीत निघालेले मास्तर. भरमाचे उच्चार सुधारायला रोज न चुकता यायचे.

“कशावरून?” त्यांनी विचारलं.

“कुनाचं वाटोळं करायच्या आधी विक्राळसेन उजव्या कानाची पाळी चोळतोय आनि म्हनतोय, ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतो.’ ह्यो जोगीबी तसंच करतोय.”

“अगं, विक्राळसेन ताडासारखा उंच. धूम्रनाथ बुटका. इथं लिहिलंय स्वच्छ.”

“मायावी हाय न्हवं त्यो? मग उंची कमी करायला काय शिंपी लागतोय?”

मास्तरांना तीस वर्षांत कुणी उलट प्रश्न केला नव्हता. छडी हातात असल्यामुळं तशी वेळच आली नव्हती. ते उठून गेले, पण दुसऱ्या दिवशी नऊही भागांतून टिपणं काढून आले.

पंधरवड्यात गल्लीत दोन तट पडले. ‘दोघे’वाले मास्तरांच्या ओट्यावर बसत, ‘एकच’वाले भरमाच्या दारात. विणकर परशरामनं मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना पोह्यांच्या आधी विचारलं, “तुमचं मत काय? एक का दोन?” पाहुण्यांनी पुस्तक पाहिलंही नव्हतं. ते म्हणाले, “दोघंबी देवमाणसं असतील की!” सोयरीक मोडली.

त्या चैत्रात यल्लव्वाच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, तेही निपाणीत. गल्लीनं तिला सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं ते लग्नासाठी नव्हे. पुस्तकाच्या पाठीवरचा पत्ता मास्तरांनी स्वतः वळणदार अक्षरात लिहून दिला. “विचारून ये. आणि खरं काय ते सांग,” ते म्हणाले.

पत्ता एका तंबाखूच्या वखारीमागच्या घराचा निघाला. दार उघडलं ते शालूबाईनं. तिशीची विधवा, बोटांना शाई. यल्लव्वानं आपला प्रश्न सांगितला तशी ती घाईघाईनं म्हणाली, “ते सगळं आमच्या ह्यांनी लिहून ठेवलेलं. मी नुसती उतरवून काढते.”

तेवढ्यात वखारीतून थोरले दीर आले, नागोजीराव. वडगावाहून खास विचारायला बाई आली म्हटल्यावर त्यांची छाती फुगली. “आमच्या शामूनं पेटीभर लिहून ठेवलंय! धाकटा भाऊ माझा. दोन वर्सं झाली जाऊन. समदे भाग मी तोंडपाठ म्हनून दावतो. त्यो विक्राळसेन काय हरामखोर हाय, व्हय की न्हाय? आनि धूम्रनाथ त्येच्याहून वाईट!”

मग ते भावजयीकडं वळले. उजव्या कानाची पाळी दोन बोटांनी चोळत म्हणाले, “शालू, माहेरी जायचं काढू नगंस म्हनून सांगितलं हुतं. तुझ्या भल्यासाठीच सांगतो.”

यल्लव्वानं हातातली चहाची पितळी खाली ठेवली.

नागोजीराव वखारीत परतल्यावर ती हळूच म्हणाली, “पेटीत काय न्हाय. व्हय?”

शालूबाईनं दार लोटून घेतलं. “सहा भाग ह्यांचे. थोरल्यांच्या धाकात लहानाचे मोठे झाले, त्यातून विक्राळसेन आला. पुढचं माझं. मला धूम्रनाथ शोधायला लांब जावं लागलं नाही.” मग म्हणाली, “आक्का, दोघं एकच असं पसरलं की कशावरून तेही निघेल. थोरल्यांना कळलं तर लिहिणंही बंद होईल. दुसरं मला काही नाही.”

वडगावात यल्लव्वा मोटारीतून उतरली तेव्हा दोन्ही तट हजर होते. मास्तर सर्वांत पुढं.

“काय म्हणाला लेखक?”

यल्लव्वानं बोचकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. भरमाची आशेनं चमकणारी नजर तिनं टाळली.

“दोघं येगयेगळी हायती,” ती म्हणाली. “माजंच चुकलं.”

मास्तरांनी पेढे वाटले. पुढचे सहा महिने ते यल्लव्वाला रस्त्यात थांबवून, बारकाईनं वाचल्याशिवाय मत देऊ नये, असं समजावत राहिले. ज्या बाईनं कुणाला शेवटचा शब्द मिळू दिला नव्हता, ती मान हलवून ऐकून घ्यायची. भरमाच्या घरी येऊन मात्र रहाट असा फिरवायची की सूत तुटायचं. भरमानं तर चार दिवस तिच्याशी बोलणंच टाकलं. पुस्तकाचे आणखी अकरा भाग आले.

१९३५ साली नागोजीराव वारले. महिन्याभरानं यल्लव्वाच्या नावानं पत्र आलं. भरमानं वाचून दाखवलं. शालूबाईनं लिहिलं होतं, ‘आक्का, आता सांगितलंत तरी चालेल.’

यल्लव्वा नवं लुगडं नेसली आणि पत्र घेऊन तिनं मास्तरांचा ओटा गाठला. तिथं त्या वेळी शहरात लागलेल्या बोलपटावरून भांडण रंगलं होतं. नटी स्वतः गाते की पडद्यामागून दुसरीच कुणी गाते, असा प्रश्न होता. मास्तर ‘दुसरीच’च्या बाजूनं होते.

“गुर्जी, त्यो धूम्रनाथ आनि विक्राळसेन एकच हुता बघा. लिवून आलंय.”

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “कोण विक्राळसेन?”

यल्लव्वा पत्र कमरेला खोवून ओट्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, “त्ये ऱ्हाऊ दे. नटीचं काय म्हनत हुता?”